बाबांच्या एस्टीमला नवे ब्रेक पाईप

अख्खा रविवार बेळगावच्या उद्यमबागेत गेला पण जीव निवांत झाला. 1998 ची गाडी, पुढच्या ब्रेकचे रबरी होज, म्हणजे पाईप, चिरलेले, म्हणून स्टीलच्या जाळीचे घातले, रबर दाबानं फुगतंय की हो, मग पेडल मऊ लागतं. नट गंजून बसलेला, मामांनी फ्लेअर नटचा, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडनं धरणारा पाना लावून हळूच सोडवला, साध्या पान्यानं कडा गेल्या असत्या. तांब्याचे वॉशर नवेच घाला, जुने परत नकोत. स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून पाईप कुठं घासत नाही ना बघितलं, मग डॉट 4 ब्रेक ऑइल ओतून ब्लीडिंग, म्हणजे पाईपातली हवा काढणं, मी पेडलवर मामा खाली, "धर... सोड", बुडबुडे संपेस्तोवर. फेंडरवर थेंब पडला तो लगेच पाण्यानं धुतला, रंग खातंय ते. संध्याकाळी पिरनवाडीपर्यंत हळूच जाऊन आलो, पेडल एकदम घट्ट, खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन चोर्ला घाट.