दोआईच्या ४८६ पायऱ्या

दुभाषी म्हणून पर्यटकांबरोबर जपानभर फिरताना कर्मचारी नसलेली कितीतरी लहान स्थानके मी पाहिली आहेत; परंतु गुन्मा प्रांतातल्या दोआई स्थानकावरचा ऑगस्टमधला एक दिवस माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी माझ्या भरवशावर आलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत मी गंभीर चूक केली होती.

पुण्याचे एक कुटुंब तानिगावा डोंगराच्या रोपवेकडे निघाले होते. त्यांतले काका मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षे बोरघाटात काढलेले. दोआईचा एक फलाट बोगद्यात आहे हे कळताच त्यांनी बसऐवजी रेल्वेने जाण्याचा आग्रह धरला आणि मी लगेच होकार दिला. वर येण्यासाठी पायऱ्या आहेत एवढे मी सांगितले. त्या किती आहेत, हे मात्र सांगितले नाही.

मिनाकामीहून सुटलेली गाडी बोगद्यात शिरली आणि काही मिनिटांत आम्ही दोआईच्या डाऊन फलाटावर उतरलो. गाडी गेल्यावर उरला तो गारवा, ओल आणि पाण्याचा आवाज. दुसरा फलाट कुठे आहे, असे काकांनी विचारले. तो आमच्या डोक्यावर सुमारे ७० मीटर उंचीवर, उघड्यावर होता. १९३१ साली जुन्या शिमिझु बोगद्यातून येथे एकेरी मार्ग सुरू झाला; पुढे १९६७ साली साडेतेरा किलोमीटरचा नवा बोगदा खोदून दुसरा मार्ग टाकला, तेव्हा निइगाताकडे जाणाऱ्या गाड्या खालून आणि तोक्योच्या दिशेने येणाऱ्या जुन्याच वाटेने वरून जाऊ लागल्या. "म्हणजे राजधानीपासून दूर जाते ती डाऊन. आपल्यासारखेच," काका समाधानाने म्हणाले.

समोर ४६२ पायऱ्यांचा सरळ जिना होता. शेजारी सरकत्या जिन्यासाठी राखलेली जागा आजही रिकामीच आहे. शंभराच्या पुढे काकांचा वेग मंदावला. अर्ध्या वाटेवरच्या बाकापर्यंत पोहोचेतो त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांना बोलणेही कठीण झाले होते. हे स्थानक १९८५ पासून कर्मचाऱ्यांविना आहे. हाक मारावी तर ऐकणारे कोणी नव्हते. खाली परत जाण्यातही अर्थ नव्हता, कारण त्या फलाटावरून सुटणारी प्रत्येक गाडी डोंगराच्या पलीकडेच जाते आणि दिवसभरात अशा मोजक्याच गाड्या असतात.

मी त्यांना बसवले, पाणी दिले, रोपवेचा बेत त्या क्षणी मनातून काढून टाकला आणि किती पायऱ्या उरल्या आहेत ते प्रथमच स्पष्ट सांगितले. त्यांच्या मुलाने त्यांचा हात धरला. श्वास पूर्ववत झाल्यावर दहा पायऱ्या चढायच्या, मग थांबायचे, असे करत आम्ही निघालो. एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. जिन्याच्या माथ्यावर नदीवरून जाणारी बंदिस्त वाट लागली, खिडक्यांतून उजेड आला आणि त्यापुढे शेवटच्या २४ पायऱ्या होत्या.

तिकीट तपासण्याच्या जागेपाशी काका थांबले. पूर्वी डाऊन गाडी सुटण्याच्या दहा मिनिटे आधीच येथे प्रवाशांना आत सोडणे बंद करत, हे मी त्यांना सांगितले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मास्तरला माहीत असणार, खाली पोहोचायला किती वेळ लागतो ते." हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले, जरी त्यांच्या मनात मला बोल लावण्याचा लवलेशही नव्हता. ते काम त्या दिवशी माझे होते.

दुपारी परतीची गाडी वरच्या फलाटावरून मिळाली. तेथे जाण्यासाठी ती चढण पुन्हा करावी लागत नाही. डोंगर उतरताना हा जुना मार्ग स्वतःभोवती एक पूर्ण वळसा घेतो. तेव्हा काकांनी मला खिडकीपाशी बोलावले आणि खाली दरीत दिसणारे युबिसो स्थानक दाखवले, जेथून सकाळी आम्ही बोगद्यातून गेलो होतो.