दोन्ही टोकं सारखी: मोरजीच्या वाऱ्यावर तीन दिवस

पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत अकराच्या आत गोव्यातल्या मोरजीला पोचलो. फेब्रुवारीतला समुद्र ताटासारखा सपाट, वाऱ्याचा पत्ता नाही. काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावर धावणं. ते शिकवणारा मुलगा पेडण्याचा. म्हणाला, "ताई, जेवून घ्या आधी. वारा दीडनंतर."

शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे मला इथे कळले. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि किनाऱ्याला तिरका लागतो. पडलं तरी माणूस काठाकडेच सरकतो. सकाळचा मतलई मात्र खोल समुद्राकडे ओढून नेतो, म्हणून त्या वेळी काइट उघडायचीच नाही.

पहिला दिवस वाळूतच गेला. काइटची पुढची कड पंपाने फुगवायची, वीसेक मीटरच्या दोऱ्या गुंता न होऊ देता पसरायच्या, मग घड्याळ मनात ठेवून ती उडवायची: डोक्यावर बारा, उजवीकडे दोन, डावीकडे दहा. काइट उतरवायची तीही कासवांच्या घरट्यांपासून लांब. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, त्या घरट्यांभोवती कुंपण असतं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड हातात आला. ट्विन-टिप. दोन्ही टोकं हुबेहूब, खाली पाण्यात पकड देणारे चार बोटभर फिन, मध्ये पायांचे दोन पट्टे. तो हातात घेताच मला गुलमर्ग आठवलं. तिथे पहिले चार दिवस साध्या स्कीवर, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांवर होते. जरा मागे घसरलं की सपाट शेपूट बर्फात रुतायची आणि मी आडवी. पाचव्या दिवशी ट्विन-टिप स्की मिळाली, मागचं टोकही पुढच्यासारखं वर वळलेलं. मागे घसरले, तर चक्क घसरतच राहिले! सालोमोन कंपनीने 1998 मध्ये 'टेनएटी' ही अशी स्की आणली. नाव तीन पूर्ण गिरक्यांच्या 1080 अंशांवरून. गिरक्या मारून उलटं उतरणाऱ्यांसाठी ती होती, पण माझ्यासारख्या हौशी माणसाला तिने वेगळंच दिलं. मागे जाण्याची भीती गेली.

मोरजीला तेच पुन्हा घडलं. समुद्राकडे जाताना उजवा पाय पुढे. परतायचं तर एकाच टोकाला नाक असलेल्या बोर्डवर पाय बदलावे लागतात, आणि शिकणाऱ्याचा तोल तिथेच जातो. ट्विन-टिपवर पाय जागचे हलवायचेच नाहीत. काइट बाराला आणायची, वेग पडू द्यायचा, भार डाव्या पायावर घ्यायचा, काइट दहाकडे. मघाशी जी शेपूट होती तीच आता नाक.

पहिले सात-आठ प्रयत्न पाण्यात गेले. प्रत्येक वेळी वाहत शापोरा नदीच्या मुखाच्या दिशेने खाली जायचं आणि बोर्ड काखेत घेऊन चालत परत यायचं. मांड्या थरथरत होत्या, नाकात खारं पाणी.

तिसऱ्या दिवशी साडेचारला जमलं. काइट वर, क्षणभर सगळं शांत, बोर्ड पाण्यात बसू लागलेला. काठावरून शिकवणारा मुलगा ओरडला, "ताई, बोर्डाकडे नको, किनाऱ्याकडे बघा!" मी मान वर केली. समोर माड होते, आणि ते जवळ येत होते.

वारा सहाला पडला. तोवर मी अकरा फेऱ्या मोजल्या होत्या.