बिऱ्हाडाचे वजन

परदेशात राहणाऱ्या मराठी घरात देवघर असो वा नसो, विमानप्रवासाच्या बॅगा टांगून तोलण्याचा एक लहानसा काटा मात्र हमखास असतो. आमच्याकडेही तो आहे. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गोडा मसाला, कुळथाचे पीठ, पुस्तके आणि धाकट्याचे बूट यांची २३ किलोंत मांडणी करता करता यजमानांचा हात इतका बसला आहे, की बॅग नुसती उचलूनच ते ‘साडेबावीस’ असे सांगतात आणि बहुधा खरे ठरतात. वजनाच्या बाबतीत आता आपल्याला शिकण्यासारखे काही उरलेले नाही, अशा समजुतीत आम्ही असताना २०१९ साली आमच्या दारात एक जुनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, आली.

गाडी २००४ सालची. खाली फियाट ड्युकॅटो या व्हॅनचा सांगाडा आणि २.८ लिटरचे डिझेल इंजिन, वर चौघांच्या झोपण्याची सोय, दोन शेगड्या, ओव्हन, फ्रीज, आणि ज्याला न्हाणीघर म्हणताना जीभ अडखळते असा एक कोनाडा. इंग्लंडमधल्या डर्बीजवळच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा मुलांनी आत शिरून प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. मी मात्र दाराजवळच्या पत्र्याच्या पट्टीवरचा, भरल्या गाडीच्या कमाल वजनाचा आकडा वाचत उभी राहिले: ३,५०० किलो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा दिलेल्यांना साध्या परवान्यावर एवढ्याच वजनापर्यंतची डिझेल गाडी चालवता येते. त्याहून जड गाडीसाठी ‘सी वन’ नावाची निराळी परीक्षा आहे, आणि ती देण्याची हौस आमच्या घरात कोणालाही नव्हती. गाडीच्या कागदांनुसार तिचे स्वतःचे वजन वजा करून आमच्या वाट्याला सुमारे ४२० किलो येत होते. त्यात चालकाखेरीज तीन माणसे, ८० लिटर पाणी, गॅस, अंथरुणे, सायकली आणि चार दिवसांचा स्वयंपाक बसवायचा होता. शिवाय आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या, बाहेर उघडणाऱ्या कापडी छत्रीची आणि मागे सायकली टांगण्याच्या घोडीची कागदांना काही खबर नव्हती.

तीन वर्षे आम्ही हा हिशेब टाळला. २०२२ साली आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली, स्कॉटलंडला जायचे ठरले, आणि एक माणूस वाढणार म्हटल्यावर मात्र गाडी भरून भंगारवाल्याच्या आवारातल्या मोठ्या काट्यावर नेली. ‘काटा’ हा शब्द ऐकताच आई सावरून बसली. तिचे माहेर उसाचे. बैलगाड्या काट्यावर रात्र रात्र खोळंबलेल्या तिने पाहिलेल्या आहेत, आणि उसाला काटा मारला जातो हा माझ्या आजोबांचा संशय तिने वारसाहक्काने जपला आहे. आधी पुढची चाके, मग सगळी गाडी, मग मागची चाके अशी तीन मापे झाली आणि खिडकीतून चिठ्ठी आली. एकूण ३,६२० किलो.

“काटा खरा आहे ना गं ह्यांचा?” आईने विचारले.

काटा खरा होता. १२० किलो घर जास्त होते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण सहज म्हणून जातो, पण विंचवाला ते कोणी तोलायला लावत नाही. आम्ही त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बॅगांचा काटा घेऊन बसलो आणि गाडीतली एकेक वस्तू टांगू लागलो. सर्वांत आधी नजरेत भरली ती सायकलींची घोडी. सायकलींसह तिचे वजन ४५ किलो. पण ती मागच्या चाकांच्याही मागे दोन मीटरवर लटकलेली, त्यामुळे तरफेच्या शाळकरी नियमाने मागच्या चाकांवर ४५ नव्हे तर जवळजवळ ७० किलोंचा भार टाकीत होती, आणि वरचे २५ किलो पुढच्या चाकांवरून उचलून घेत होती. या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. वेल्समधल्या एका ओल्या कुरणात ती चाके जागच्या जागी फिरून चिखल का उडवीत होती, आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टर का आणावा लागला, याचे उत्तर दोन वर्षांनी असे टेबलावर मिळाले. घोडी उतरली. मुलांचा रुसवा दोन दिवस टिकला.

त्याच वेल्सच्या सहलीत थोरलीच्या उशीवर पाणी ठिबकले होते. ती चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर झोपते, आणि जुन्या मोटरहोमचे ते ठरलेले दुखणे असते. भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत बोटभर जाडीचा प्लायवूड म्हणावा तर तोही नाही, नुसता पापुद्रा, आणि दोहोंच्या मध्ये थर्माकोल व लाकडी पट्ट्यांची चौकट. दोन पत्रे जिथे भेटतात तिथल्या सांध्यावर धातूची पट्टी आणि तिच्याखाली चिकट लांबी (पुट्टी). घर स्थिर असते म्हणून त्याचे सांधे टिकतात; हे घर ताशी ९० किलोमीटर वेगाने खड्ड्यांतून जाते आणि प्रत्येक सांधा केसभर हलतो. वीस वर्षांत लांबी वाळते, केसभर फट पडते, आणि पाऊस आत शिरण्याची वाट शोधून काढतो.

आधीच्या मालकाने त्या फटीवर बाहेरून सिलिकॉन थापले होते. या माणसाशी माझे प्रत्यक्ष भांडण नाही, पण सिलिकॉनशी आहे. ते पाणी अडवल्याचा देखावा करते, आत शिरलेले पाणी आतच कोंडते, आणि त्याच्यावर पुन्हा दुसरे काही चिकटत नाही. ते खरवडून काढण्यात माझा पूर्ण एक शनिवार गेला. मग पट्टीचे स्क्रू. चाळिसांपैकी अकरा स्क्रूंना पेचकस लावण्याचीही गरज पडली नाही. त्यांनी धरून ठेवावे असे लाकूडच मागे उरलेले नव्हते. ओल मोजण्याच्या यंत्रावर १५ टक्क्यांच्या आतला आकडा बरा समजतात. इथे तो ३० च्या पुढे गेला होता. आतला पापुद्रा कापून काढला तेव्हा चौकटीची पट्टी भिजत घातलेल्या पेंडीसारखी माझ्या बोटांत आली, आणि तिचा वास ओळखीचा निघाला: पावसाळ्यात बंद राहिलेल्या गावाकडच्या माडीचा.

ते सगळे कुजके लाकूड, ओला थर्माकोल आणि पापुद्रे मी एका गोणपाटात भरले. आई शेजारी उभी होती. तिने काही न बोलता बॅगांचा काटा आणून माझ्या हातात दिला. गोणपाट ११ किलो भरले. त्याच जागेसाठीच्या कोरड्या पट्ट्या, नवा थर्माकोल आणि नवा प्लाय बसवण्याआधी तोलले, तर साडेसहा. साडेचार किलो पाऊस आम्ही तीन वर्षे डोक्यावर घेऊन हिंडत होतो. नव्या सांध्यांत मी ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घातली. ती वाळत नाही, मऊ राहते आणि हलणाऱ्या पत्र्याबरोबर स्वतः हलते.

पुढचे बदल मग किलोंच्याच भाषेत बोलले जाऊ लागले. ओव्हन काढावा असे मी सुचवले तेव्हा यजमानांनी आधी विरोध केला, पण आपण त्याचा उपयोग कशासाठी करतो असे विचारल्यावर ते गप्प झाले. आपल्या घरांत ओव्हन हे कढया ठेवण्याचे कपाट असते. परवानाधारक गॅस कारागिराकडून तो सोडवून घेतला. १८ किलो कमी झाले आणि कढयांना खरोखरीचे कपाट मिळाले. छत्रीही गेली. शिशाच्या दोन बॅटऱ्या प्रत्येकी २५ किलोंच्या होत्या, आणि शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवली तर लवकर म्हातारी होते, म्हणजे निम्मे ओझे आपण नुसतेच वाहायचे. त्यांच्या जागी १२ किलोंची एकच लिथियमची बॅटरी आली. तिचीही एक खोड आहे: शून्य अंशाखाली ती प्रभारित करू नये, म्हणून तिला आम्ही सोफ्याखाली, माणसांच्या उबेत जागा दिली.

या बॅटरीवर मिक्सर चालेल का, हा आईचा पहिला प्रश्न होता. उत्तर मजेशीर आहे. आपला मिक्सर ७५० वॅटचा. १२ व्होल्टवर त्याला सत्तरएक अँपिअरचा प्रवाह लागतो. मिनिटभराच्या चटणीने बॅटरीतून जाते ते किरकोळच, पण तेवढा प्रवाह वाहून न्यायला चांगल्या जाडजूड तारा, मोठा इन्व्हर्टर आणि फ्यूज हवा. शिवाय मिक्सर स्वतः चार किलो. आईने हा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि मग लोखंडी खलबत्त्याचा प्रस्ताव मांडला. तो तीन किलोंचा होता. शेवटी शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी घरूनच कुटून न्यायची, असा तह झाला.

गाडीत राहू लागल्यावर मात्र किलोंखेरीज इतरही मागण्या पुढे आल्या. फ्रीज हा अशा गाड्यांतला मला सर्वांत आवडणारा प्राणी. त्यात कॉम्प्रेसर नाही, तो गॅसच्या इवल्याशा ज्योतीवर थंड होतो. १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेल्या या तंत्रात अमोनियाचे चक्र गुरुत्वाकर्षणावर फिरते, म्हणून गाडी तिरकी उभी राहिली की ते अडते. त्यामुळे मुक्कामाला पोहोचल्यावर चहाच्या आधी ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली जाते आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत यजमान चाकांखाली पाचरी सरकवत असतात. ओट्याखाली जमिनीला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो तिथून खाली निघून जावा म्हणून. स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोच्या थंडीत आईने त्यातून येणारी झुळूक ओळखली आणि जुन्या लुगड्याचा बोळा त्यात कोंबला. मला तो सकाळी सापडला. रागवावे तर तिने तो इतका नीट बसवला होता की माझ्या सांध्यांनाही लाजवावे. त्याच सकाळी निळ्या टाकीतला ब्यूटेन वायू शून्य अंशाशी येऊन रुसला, शेगडी पेटेना, आणि आम्ही चहावाचून तासभर बसलो. प्रोपेनची लाल टाकी उणे ४२ अंशांपर्यंत साथ देते, हे ज्ञान मला होते. टाकी मात्र घरी होती.

हा मागचा उन्हाळा. आई पुन्हा आली, आणि या वेळी बॅगेत बिडाचा तवा घेऊन आली. भाकरी त्यावरच होते, हे तिचे म्हणणे मलाही अमान्य नाही. पण तो तीन किलोंचा आहे हे मी बोलून दाखवले. “तेवढंच तुला दिसतं,” ती म्हणाली. विषय तिथेच थांबला. निघण्याच्या दिवशी आम्ही सगळे भरून पुन्हा त्याच काट्यावर गेलो. पुढची चाके, सगळी गाडी, मागची चाके. चिठ्ठी आली: ३,४५० किलो. मुलांनी टाळ्या पिटल्या, यजमानांनी ती चिठ्ठी आरशापाशी खोचली, आणि मी वळून आईला सांगायला गेले तर तिची जागा रिकामी होती.

ती फाटकाशी उभी होती. पायाशी तिची पिशवी, आणि पिशवीतून तव्याचा कान बाहेर आलेला.

“आई, तुम्ही खाली का उतरलात?” यजमानांनी विचारले.

“गर्दी नको म्हणून,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून हसली. आजोबांना ज्याचा संशय आयुष्यभर छळत राहिला, तो काटा त्यांच्या लेकीने डर्बीशरमध्ये मारला होता.

तिचे वजन मला ठाऊक होते: ५६ किलो. पिशवी टांगून पाहिली, ती ११ भरली. बेरीज धाकट्यानेच केली. सतरा किलो जास्त. त्यात तव्याचे तीन होते, पण ते कोणीच बोलले नाही. काट्यावरून गाडी बाजूला घेऊन मी गटाराच्या जाळीजवळ उभी केली, आईला हात देऊन आत चढवले, आणि गाडीखाली वाकून पाण्याच्या टाकीची तोटी उघडली. मिनिटाला सहा लिटर जाते, हे मला माहीत आहे. मी घड्याळ धरून उकिडवी बसले. वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला, “जास्त सांडू नकोस, भाकरीला पाणी लागेल.”