पायाशी पंगत

न्यू मेक्सिकोतला जुलै. काठावर माळ करपतोय आणि मी कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभा. नदीचं नाव सॅन हुआन. वरच्या अंगाला नवाहो धरण, १९६२ साली पुरं झालेलं. पाणी सोडतात ते जलाशयाच्या तळातून, म्हणून बारा महिने गारठलेलं. धरणाआधी ही नदी गढूळ, उन्हाळ्यात कोमट. थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउट माशाला इथे घर मिळालं ते धरणामुळे.

मी मूळचा मालवणचा. गरवणं म्हणजे गरीला कोळंबी लावायची, दोरी खाडीत सोडायची आणि बसायचं. इथे आमिषच खोटं. गळाला दोरे-पिसं गुंडाळून केलेली माशी, तिला वजन म्हणून नाही. फेकायची असते जाड दोरी, माशी आपली मागून जाते. त्यात इथले ट्राउट चिलटांच्या अळ्यांवर पोसलेले, म्हणून गळ चोवीस नंबरचा. नंबर मोठा तितका गळ बारीक, असला उफराटा हिशोब! तांदळाच्या दाण्याहून लहान त्या गळाच्या नेढ्यात केसासारखा दोरा ओवताना आई आठवते. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची. इथे हाक कुणाला मारू?

दोन तास काही नाही. सहज मागे वळून खाली पाहिलं, तर माझ्या बुटांमागे चार ट्राउट! प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी जेमतेम हलवत. माझ्या पावलांनी तळ ढवळला की अळ्या सुटतात, त्या टिपायला पंगत बसलेली. तोंड उघडलं की आतला पांढरा रंग क्षणभर चमकायचा. मुद्दाम पाय घासून मासे असे जमवायला इथे कायद्याने बंदी आहे. त्या लबाडीला ‘सॅन हुआन शफल’ असं नावसुद्धा आहे. मी मुकाट्याने पाय रोवून उभा राहिलो. पंगत काही उठेना. वीतभर अंतरावरून माझी माशी वाहत गेली, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

संध्याकाळी एक लागला. अंगावर गुलाबी पट्टा, हातात बर्फासारखा. इथे गळाला उलटा काटा नसतो, अलगद सुटला. पाण्यात धरून ठेवला, कल्ले नीट हलायला लागल्यावर सोडला.

रात्री काकांना फोनवर सांगितलं.

“सोडलंस? खावचो नाय, तर गेल्लंस कित्याक?”

मी गप्प. जरा वेळाने तेच म्हणाले, “केवढो होतो?”

मी दोन्ही हात फाकून दाखवले. फोनवर.