नसलेल्या पायाचं दुखणं

मे महिना, तोही जळगावचा. वॉर्डातला कूलर गरम हवाच फेकत होता. आप्पा पारोळ्याकडचे, कापूस लावणारे, साठी ओलांडलेले. साखरेमुळे बोटं काळी पडली आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. टाके निघाले, जखम भरली, पण झोप नाही. "ताई, मना पाय जळी राह्यना," म्हणत ते चादरीच्या रिकाम्या भागाकडे बोट दाखवायचे.

काढलेला पाय जागेवरच असल्यासारखा वाटणं बहुतेकांना होतं. मेंदूतला त्या पायाचा नकाशा पुसला गेलेला नसतो आणि कापलेल्या नसा भलतेच निरोप पाठवत राहतात. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावं. नाहीतर 'डोक्यावर परिणाम झाला' अशी कुजबूज सुरू होते आणि पेशंट सांगायचंच बंद करतो.

गोळ्या आणि व्यायामाच्या जोडीला माइंडफुलनेस सुरू केलं, म्हणजे आत्ता शरीरात जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला मूळ कार्यक्रम आठ आठवड्यांचा, त्यातला बॉडी स्कॅन, म्हणजे एकेका अवयवावर क्रमाने लक्ष नेणं, पाऊण तासाचा, तोही आडवं पडून. वॉर्डात तो तसाच्या तसा चालत नाही. प्रेगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी घेतलेला माणूस आडवा झाला की झोपतो. म्हणून खुर्ची. स्टम्प, म्हणजे पायाचा उरलेला भाग, लोंबता ठेवायचा नाही, खाली फळी देऊन गुडघा सरळ, कारण लोंबला की सूज येते आणि ठणका वाढतो. डोळे उघडे, नजर चार-पाच फुटांवरच्या फरशीवर. पाच मिनिटं पुरे. इन्सुलिन चालू असेल तर आधी साखर बघायची. साखर उतरल्याचा घाम आणि धडधड आपण 'घाबरलाय' म्हणून सोडून देतो, आणि ते धोक्याचं आहे.

बॉडी स्कॅन बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू करतात. पाय गेलेल्याला पहिल्याच वाक्यात तिथे का न्यायचं? आप्पांना मी हातांपासून सुरुवात करून दिली. तळहातावर तळहात: कुठे खरखरीत, कुठे गरम, कुठे ओलं? मग डावा तळवा फरशीवर, मग डावा गुडघा, उजवी मांडी, आणि सगळ्यात शेवटी स्टम्प. 'रिलॅक्स व्हा' असं म्हणायचं नाही; ठणका लागलेल्या माणसाला तो हुकूम वाटतो. दम्याच्या पेशंटला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं तर तो आणखी घाबरतो, त्याला पंख्याचा आवाज द्यावा. अपघातात पाय गेलेल्याला मधेच अपघात दिसायला लागला तर तिथेच थांबून समोरच्या वस्तूंची नावं घ्यायला लावावी.

रोज 'कुठे, कसं?' विचारलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं, सगळंच जळतं. त्या दिवशी मात्र ते थांबले. बोटं आत मुडपल्यासारखी वाटतात, तिथे जळजळ. टोकाला व्रणापाशी मुंग्या. मग हात गुडघ्याच्या जरा खाली नेला आणि म्हणाले, "आनि आठे आवळी राह्यनं."

जळजळ नसलेल्या पायातली, मुंग्या व्रणापाशी कापलेल्या नसांच्या. आवळणं मात्र असलेल्या पायातलं होतं. मी लगेच क्रेप बँडेज सोडलं. गुडघ्याखाली लाल, खोल वळ पडला होता आणि त्याच्या खाली स्टम्प फुगून गोळा झाला होता. रात्री मुलगा बांधायचा. घामाने पट्टी घसरते म्हणून गोल वेढे देत वरचा भाग त्याने करकचून आवळला होता. मन लावून सेवा करणारं पोरगं, पण रक्त वर परतायची वाटच त्याने बंद केली होती.

त्याला तिथेच बांधायला शिकवलं. दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी, आठाच्या आकड्यासारखे तिरके वेढे. टोकाला ताण जास्त, वर येताना कमी. एक-दोन वेढे गुडघ्याच्या वर नेले की ती घसरत नाही. दर चार तासांनी सोडून कातडी बघायची: वळ, फोड, निळसरपणा. घामाने भिजलेली लगेच बदलायची, धुतल्यावर न पिळता सावलीत पसरून वाळवायची.

दुखणं 'सगळंच जळतं' एवढंच सांगितलं जातं तोवर डॉक्टर गोळीच वाढवणार. ते वेगवेगळं करून दाखवता येणं, माझ्या मते पुनर्वसनात माइंडफुलनेसचं पहिलं काम हे आहे. शांत वाटणं मागाहून आलं तर उत्तम. त्या रात्री आवळणं गेलं. सूज उतरायला दिवस लागले, आणि ती उतरल्याशिवाय सॉकेटचं, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टम्प बसतो तिचं, माप घेता येत नाही. जळजळ राहिली. तिच्यासाठी आरसा आणला: दोन पायांमध्ये उभा धरून, त्यातल्या डाव्या पायाच्या प्रतिबिंबाकडे बघत बोटं सावकाश उघडायची, पंधरा मिनिटं. गेलेल्या पायाचीच मुडपलेली बोटं उघडताहेत असं मेंदूला दिसतं.

याच सरावात आणखी एक गोष्ट सापडली. डाव्या टाचेला फरशीचा गारवा कळायचा, बोटांपाशी कळायचा नाही. मोनोफिलामेंटने, म्हणजे तळव्याची संवेदना तपासायच्या बारीक नायलॉनच्या तारेने, तपासून घेतलं, एमसीआरची (मऊ रबराच्या तळाची) चप्पल लिहून दिली, आणि रोज रात्री तो तळवा बॅटरीच्या उजेडात बघायचं काम मुलाकडेच सोपवलं.