सहा किलोमीटरचं बटण

गेल्या मंगळवारी मी ऑफिसातून घरी चालत आले, सायकल हाताला धरून. नेदरलँड्समधलं उत्रेख्त ते हाउटेन, नऊ-दहा किलोमीटर. सायकल बिघडली नव्हती, पंक्चरही नव्हती. पोलिसांनीच सांगितलं, "बाई, ही आता चालवायची नाही. ढकलत न्या."

झालं ते असं. सायकलींच्या रस्त्यावर एका वळणाच्या पलीकडे चार पोलीस उभे होते आणि त्यांच्यापुढे एक लोखंडी चौकट, तिच्यात दोन रूळ. इलेक्ट्रिक सायकल आली की तिचं मागचं चाक त्या रुळांवर ठेवायचं, मोटर फिरवायची आणि काटा बघायचा. आपल्याकडे पीयूसीवाला गाडीला नळी लावून कागद देतो, तसंच काहीसं. फक्त इथला आकडा खरा असतो. माझ्यापुढे एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा जाड टायरची फॅटबाईक घेऊन उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. मला मनातून बरं वाटत होतं, कारण ही पोरं गेली दोन वर्षं माझ्या कानाजवळून सूं करून जातात. म्हटलं, धरा यांना चांगलं.

मग माझी पाळी आली. काट्याने ताशी ३३ किलोमीटर दाखवले.

पोलीस तरुण होता, अगदी गोड बोलत होता. त्याचाच जास्त राग आला. आपल्याकडचा हवालदार निदान आवाज चढवतो, मग आपल्यालाही चढवता येतो. हा म्हणाला, मॅडम, तुमच्या हँडलला हा जो अंगठ्याचा खटका आहे, तो दाबला की पायडल न मारता सायकल पळते. म्हणजे कायद्याने ही सायकलच नाही, मोपेड आहे. मग नंबरप्लेट कुठे आहे? विमा? हेल्मेट? मी सांगितलं की सायकल सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय केलं मला काय माहीत. त्याने मान डोलावली आणि पावती फाडली. रक्कम लिहीत नाही, आई हा ब्लॉग वाचते.

आता घरच्यांपाशी काय लपवायचं? खटका आहे हे मला माहीत होतं. तो वापरायचा नसतो हे मात्र माहीत नव्हतं. बरं, अंदाज होता. पण नोव्हेंबरात कालव्यावरून समोरचा वारा आला की इथे माणूस जागच्या जागी पायडल मारत राहतो. त्या वाऱ्यात जो उभा राहिला नाही, त्याने मला शिकवू नये.

नियम तसा सोपा आहे. युरोपात साध्या ई-सायकलची मोटर २५० वॉटची, ती पायडल मारलं तरच मदत करणार आणि ताशी २५ किलोमीटरला हात काढून घेणार. पुढे जायचं तर स्वतःच्या पायाने जा. एवढं पाळलं की परवाना, विमा, हेल्मेट काही लागत नाही. ४५ पर्यंत पळणाऱ्या सायकली वेगळ्या. त्यांना २०१७ पासून इथे मोपेड धरतात: पिवळी नंबरप्लेट, परवाना, हेल्मेट सगळं हवं. पायडल न मारता मोटर चालायला एकच सूट आहे, ताशी सहा किलोमीटर. त्यासाठी वेगळं बटण असतं. सायकल जड असते, वीस-पंचवीस किलोची. पूल चढवताना, जिन्याच्या कडेच्या घळीतून वर नेताना ती आपल्या चालीने सोबत यावी म्हणून. ढकलण्याचं बटण म्हणा.

तर मी ते बटण दाबलं आणि निघाले. तेवढं कायद्यात बसत होतं.

कालव्याच्या कडेने दीड-दोन तास चालताना सारखे अण्णा आठवत होते. आमचे अण्णा पोस्टात होते. दापोलीजवळच्या आसूदपासून खाली मुरुड, कर्दे, हर्णै अशी टपालाची सायकल त्यांनी आयुष्यभर हाकली. हाकली म्हणजे जाताना. येताना चढ, येताना ढकलली. कोकणातला सायकलवाला हा निम्मा वेळ पायी चालणारा माणूस असतो, हे देशावरच्यांना सांगून पटत नाही. अण्णांच्या मते त्यात वाईट काही नाही. "चढ आला की उतरायचं. वाटेत माणसं भेटतात. सायकलवरून काय बोलणार?"

माझ्या डच सहकाऱ्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले आहे की तुम्हाला ई-सायकलची गरजच काय? देश म्हणजे थाळी. उत्रेख्त प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर आमेरोंगेन गावाजवळ आहे आणि ते त्याला 'बर्ग' म्हणतात, म्हणजे डोंगर. उंची ६९ मीटर! रविवारी लोक मोठ्या आवेशात तो चढायला जातात, वर जाऊन फोटो काढतात. आमचं दापोली गाव समुद्रापासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि लोक तिथे रोज भाजी आणायला चढतात. हे मी जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मी 'आमच्याकडे' म्हटलं की एकजण हाताने चढ काढून दाखवतो.

आणि तरीही ई-सायकल या थाळीतच रुजली, आपल्या घाटात नाही. २०२१ साली इथे विकल्या गेलेल्या नव्या सायकलींत निम्म्याहून जास्त ई-सायकली होत्या. म्हणजे प्रश्न चढाचा नव्हताच. आमचं हाउटेनच बघा. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत मोटार न्यायची तर आधी गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर जा, गावाला वळसा घाला आणि मग आत शिरा. सायकल मात्र मधून सरळ. मोटारीला मुद्दाम लांब पाडलंय. हे आपोआप झालेलं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे रस्त्यावर वर्षाला तीन हजारांवर माणसं मरत होती, त्यांत चारशेवर मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, वर तेलाचा तुटवडा आला आणि सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. हे ऐकलं की मला कौतुक वाटतं आणि लगेच चिडही येते. आपली माणसं मरतात तेव्हा आपण रस्ता रुंद करा म्हणतो.

ई-सायकलने इथली वाहतूक कमी झाली का, असं कोणी विचारलं तर मी माझ्या ऑफिसापुरतं सांगेन. तिघेजण आधी मोटारीने यायचे, चौदा-पंधरा किलोमीटरवरून. आता ई-सायकलने येतात, कारण घामेजून पोचावं लागत नाही. म्हणजे तीन मोटारी गेल्या. पण माझ्यासारखे पाच-सहा जण आधी साध्या सायकलने यायचे आणि आता मोटरवर आलेत. त्यात शहराचा काय फायदा? माझा झाला, गुडघ्याचा. आणि आता सगळे एकाच पट्ट्यातून जातात: पंधराने जाणाऱ्या आजीबाई, पंचवीसने मी (मंगळवारपासून), आणि पस्तीस-चाळीसने ती पोरं. २०१७ साली इथे पहिल्यांदा मोटारीतल्या माणसांपेक्षा सायकलवरची माणसं जास्त मेली, २०६ विरुद्ध २०१. त्यांत म्हातारी माणसं फार. सत्तरीतला माणूस पूर्वी जितक्या वेगाने पडायचा त्यापेक्षा आता जोरात पडतो, एवढं साधं आहे ते. हेल्मेट इथे जवळजवळ कोणी घालत नाही. घातलं की पर्यटक समजतात.

म्हणून मे महिन्यात घरी गेले तेव्हा अण्णांना सायकल घेऊन द्यायची की नाही यावर माझं मलाच ठरत नव्हतं. माझी इथली न्यावी असाही विचार होता, पण विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि ई-सायकलची असते चारशे-पाचशेची. शेवटी तिथेच घेतली, तीस-पस्तीस हजारांची. चुलतभावाला म्हटलं, ई-बाईक घेतेय. तो म्हणाला, "मग जरा पैसे घालून चांगली घे ना, डिकीवाली." आपल्याकडे ई-बाईक म्हणजे स्कूटर. पायडल दाखवल्यावर त्याचा चेहरा पडला.

गंमत म्हणजे आकडे तेच. आपल्या कायद्यातही २५० वॉटच्या आत आणि २५ किलोमीटरच्या आत असेल तर ते मोटार वाहन नाही, पासिंग नको, लायसन नको. हे मी ऑफिसात मुद्दाम सांगितलं होतं, कारण "तुमच्याकडे नियम नसतील ना?" असं एकाने विचारलं होतं. फरक एवढाच की आपल्याकडे पायडल मारलंच पाहिजे अशी अट नाही. अण्णांच्या सायकलला तोच खटका आहे, ज्यापायी मी इथे पावती फाडून घेतली, आणि तिथे तो पूर्ण कायदेशीर. दुसरा फरक, रूळ घेऊन कोणी उभं नसतं. हे मी ऑफिसात सांगितलं नाही.

सायकल आली आणि पहिला घोळ पाखाडीने घातला. आमचं घर रस्त्याखाली, बागायतीत. जांभ्याच्या पायऱ्या उतरून जावं लागतं. पंचवीस किलोचं धूड रोज खाली-वर कोण करणार? तेव्हा सायकल वर दुकानाच्या पडवीत आणि बॅटरी रोज काढून घरात. अण्णा ती काखेत मारून पायऱ्या उतरतात, पूर्वी टपालाची थैली मारायचे तशीच. एका चार्जला अर्धं युनिट वीज लागते, आईला तेवढं एकच पटलं. लाईट असली तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटात गेलो. मी पुढे, ते मागे भावाच्या स्कूटरवर, कारण "आधी तू पडून दाखव". सुरुवात झकास. मग चढ उभा झाला, मोटर रडायला लागली. चाकाच्या मधोमध बसवलेली ही स्वस्तातली मोटर सपाटीवर पळते, पण उभ्या चढाला वेग पडला की नुसती तापते. पायडल जोरात मारलं तरच ती वर नेते. म्हणजे मदत होते, पण बसून खटका दाबून घाट चढता येईल म्हणाल तर ते विसरा. त्यातून शनिवार होता. हर्णैकडे जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या, एकापेक्षा एक रुंद. एकजण मला ओलांडताना काच खाली करून "व्वा मॅडम!" ओरडला आणि माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. समोरून एसटी. कडेला खड्डा, खड्ड्यात खडी. मी उतरले. तिथेच कळलं की इथे मोटर किती वॉटची याला काही अर्थ नाही, कडेला हातभर सपाट जागा हवी. उतरताना तर देवाचंच नाव. एवढ्या वजनाला ते ब्रेक म्हणजे अंगठ्याने बैल थांबवणं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "अण्णासाहेब कर्वे परीक्षेसाठी मुरुडातून साताऱ्याला चालत गेले. तुला दापोलीपर्यंत जायला मोटर लागली, तीही चढली नाही." हे वाक्य आमच्याकडे रिक्षा, कार, लिफ्ट सगळ्यांना लागू होतं, तरी लागलं.

मी परत आले. सायकल पडवीत पडून राहील, खारा वारा तिची साखळी खाईल आणि गणपतीत कोणीतरी ती स्टँडसकट भंगारात घालेल, असं मी धरून चालले होते. दर फोनला विचारायची, "अण्णा, सायकल?" ते म्हणायचे, "आहे."

मंगळवारी रात्री पाय सुजलेले घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. रूळ, काटा, पावती, ढकलत आले ते. त्यांनी पावतीबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, "सगळी वाट हाताने ढकललीस?" म्हटलं, नाही, एक बटण असतं, सहाच्या वेगाने ती आपली आपण चालते.

"ते होय," अण्णा म्हणाले. "मी तेच वापरतो."

दुसऱ्या दिवशी भावाने व्हिडिओ पाठवला. उतार संपवून अण्णा मुरुडकडून परत येतायत. कॅरिअरला नारळाची पिशवी, मागे बाजूला बांधलेली दोन-तीन चुडतं. अंगठा त्या बटणावर, सायकल घुंऽऽ करत चढतेय आणि हे शेजारून चालतायत, सीटवर हात ठेवून, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. पावसाची भुरभुर आहे, मोटरवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलीय. एका कट्ट्यावरून कोणीतरी ओरडतं, "काय अण्णा, सायकल बिघडली काय?"

अण्णा थांबतात. सायकल थोडी पुढे जाते, तिला ओढून मागे घेतात.

"नाय रे. चाललोय सोबत."