शॅपच्या चढावरचे डिझेल

१९६३ च्या जानेवारीत मी इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या प्रेस्टनजवळ एका मालवाहतूक कंपनीच्या गॅरेजात फिटर होतो. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात शिकलेले काम हाताशी होते. पण इथल्या निम्म्याहून अधिक लॉऱ्यांत गार्डनर या इंग्लिश कंपनीची डिझेल इंजिने होती, आणि एकदा गार्डनरवर हात बसला की दुसरे कोणतेही इंजिन नजरेत भरत नाही, हे मी आजही कोणाशीही वाद घालून सांगेन. त्या हिवाळ्यात ख्रिसमसनंतर पडलेला बर्फ बऱ्याच ठिकाणी मार्चपर्यंत हलला नाही. अशाच एका सकाळी निरोप आला, की ग्लासगोकडे निघालेली आमची एक ईआरएफ बनावटीची लॉरी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या शॅपच्या चढावर बंद पडली आहे.

एम-६ हा महामार्ग शॅपवरून जायला १९७० उजाडले. तोवर स्कॉटलंडची पश्चिमेकडची बहुतेक वाहतूक केंडल आणि पेनरिथ यांच्यामधल्या ए-६ रस्त्याने, सुमारे चौदाशे फूट उंचीच्या माळावरून होत असे. बोरघाट चढलेल्या माणसाला त्या उंचीचे काही वाटणार नाही, परंतु तिथे वाऱ्याला आडोसा नाही. रस्ता बंद झाला की ड्रायव्हर जंगल कॅफेपाशी लॉऱ्या ओळीने लावत आणि इंजिने रात्रभर चालूच ठेवत, कारण बंद केलेले इंजिन सकाळी सुरू होईल याची खात्री कोणालाच नसे. मी पोहोचलो तेव्हा ती सगळी ओळ संथ लयीत धडधडत होती आणि मधोमध आमची लॉरी तेवढी गप्प उभी होती.

ड्रायव्हर साठीला टेकलेला, अबोल माणूस. त्याने इतरांचे पाहून टाकीखाली तेलकट चिंध्या पेटवल्या होत्या आणि टाकीची एक बाजू काजळीने काळी झाली होती. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, त्यामुळे हा प्रकार दिसतो तितका वेडेपणाचा नव्हता. तो निरुपयोगी मात्र होता. थंडीत डिझेलमधले मेण बाहेर पडते आणि सर्वांत आधी अडकते ते फिल्टरच्या कापडी एलिमेंटमध्ये, म्हणजे गाळणीत. तिथे ते साचल्यावर टाकी कितीही शेकली तरी पंपापर्यंत काही पोहोचत नाही. मी फिल्टर उघडला, तर एलिमेंटवर पिवळट पांढरा थर बसलेला होता आणि तो नखाने खरवडून निघत होता. कॅफेतून उकळत्या पाण्याच्या किटल्या आणून, फडकी भिजवून फिल्टर आणि नळ्या शेकल्या, एलिमेंट बदलले आणि नळ्यांत अडकलेली हवा काढायला घेतली.

इथे गार्डनरचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे सहा सिलिंडरचे ६एलडब्ल्यू इंजिन, ८.४ लिटरचे, मिनिटाला १७०० फेऱ्यांना ११२ अश्वशक्ती देणारे. आजच्या मुलांना हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण कडाक्याच्या थंडीतही या इंजिनाला हीटर प्लग लागत नाही, ईथरचा फवारा लागत नाही. सिलिंडरमधला दाब मोकळा करणारे डिकॉम्प्रेशनचे लिव्हर उचलायचे, इंजिन मोकळे फिरवून फ्लायव्हीलला गती द्यायची आणि मग लिव्हर सोडायचे. इंजेक्शन पंपावर प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्रायमिंग लिव्हर असतो, त्यामुळे प्रत्येक नळीतली हवा हाताने, शांतपणे काढता येते. इंजिन चालू असताना तोच लिव्हर उचलून धरला, की त्या सिलिंडरचे डिझेल तुटते आणि कोणता सिलिंडर काम करत नाही हे आवाजावरून लगेच कळते. यंत्राची आखणी करणाऱ्याच्या डोक्यात कामगाराचा विचार असेल तर यंत्र असे बनते. पुढे ज्या इंजिनांवर काम केले, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांची आखणी करणाऱ्यांनी आयुष्यात कधी पाना धरला होता की नाही, अशी शंका येई.

इंजिन सुरू झाले. जाण्यापूर्वी मी टाकीतले डिझेल एका काचेच्या बाटलीत भरून घेतले. ते ताकासारखे गढूळ होते. मला पडलेला प्रश्न असा होता, की एकाच रात्री, एकाच वाऱ्यात उभ्या असलेल्या लॉऱ्यांपैकी आमचीच का मेली? शेजारच्या दोघांनी कार्लाइलला टाक्या भरल्या होत्या. आमची लॉरी आवारातल्या मोठ्या टाकीवर भरून निघाली होती, आणि त्या टाकीतला साठा स्वस्त मिळाला म्हणून सप्टेंबरात, म्हणजे हिवाळ्यासाठीचे डिझेल येण्याआधी, घेतलेला होता.

गॅरेजात परतेपर्यंत व्हॅनच्या हीटरने बाटलीतले डिझेल स्वच्छ, सोनेरी, आरपार दिसू लागले होते. फोरमनने ती बाटली शेगडीशेजारच्या दिव्यासमोर धरली आणि विचारले, “यात काय आहे?” मी ती रात्रभर बाहेर खिडकीत ठेवली. सकाळी ती पुन्हा गढूळ झालेली पाहून तो म्हणाला, की या थंडीत कोणतेही डिझेल असेच होईल. फोरमन वाईट फिटर नव्हता. परंतु आवारातली टाकी मालकाने स्वतः सौदा करून भरली होती आणि ही गोष्ट फोरमनच्या प्रत्येक निदानात मिसळत असे. माझ्या जॉब कार्डवरचे “फिल्टरमध्ये मेण” हे शब्द त्याने खोडले आणि “ड्रायव्हरने टाकीखाली जाळ केला” असे लिहिले. काजळी तर सर्वांनीच पाहिली होती. ड्रायव्हरचा त्या दिवसाचा पगार कापला गेला.

फोरमनचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते, म्हणूनच ते इतक्या वर्षांनंतरही डोक्यातून जात नाही. त्या रात्री बहुतेक डिझेल गढूळ झाले असेल. कार्लाइलच्या डिझेलची बाटली माझ्याजवळ नव्हती, आणि शेजारच्या लॉऱ्यांचे फिल्टर उघडायला त्यांच्या ड्रायव्हरांनी मला दिले नसते. परंतु कोणतेही डिझेल असेच होणार असेल, तर कापलेल्या पगाराचे कारण काय, हा प्रश्न मी त्याला त्याच सकाळी विचारला होता. त्याने बाटली मला परत दिली आणि क्लचच्या कामाला लागायला सांगितले.